कोल्हापुरात दिवसभर फक्त सँडविच खात फिरायचंय, कुठून सुरुवात करू?

पुण्याची_लेक_करवीरची_सून

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आमच्या लग्नाला ६ वर्षं होतायत आणि आम्ही दोघांनी ठरवलंय की ह्या वेळी हॉटेलात जाऊन ताट मागवायचं नाही, सकाळी घरातून बाहेर पडायचं आणि संध्याकाळपर्यंत गावात सँडविच खात फिरायचं. कारण असं की लग्नाआधी हे पुण्यात नोकरीला होते, तेव्हा पगार झाला की आम्ही कॅम्पात मार्झोरिनला जायचो आणि एक चिकन सँडविच दोघांत खायचो, दुसरं घ्यायचे पैसे वाचवून बसनं परत यायचो. ते दिवस मला फार आठवतात.

इथे आल्यावर मिसळ, तांबडा-पांढरा, भेळ सगळं मनापासून आवडलं, पण सँडविचचं कुणी नीट सांगत नाही. मागच्या महिन्यात एका कॅफेत गेलो तर १८० रुपयांच्या सँडविचमध्ये चीज वितळलेलंच नव्हतं आणि ब्रेड मधे गार, फ्रीजमधून काढून तसाच दिलेला. सांगितलं तर म्हणाले असंच असतं. मला फार वाईट वाटलं, पैशाचं नाही, यांनी हौसेनं नेलं होतं म्हणून.

तर मला गाड्यांवरचं हवंय, चिमट्याच्या टोस्टरमध्ये भाजून देतात ते. आणि परदेशात डेली असतात ना, काउंटरवर समोर कापून ब्रेडमध्ये भरून देतात, तसं काही आपल्याकडे आहे का? दोघंही सगळं खातो. टू व्हीलर आहे. लेकाला सासूबाई सांभाळणारेत पण ८ च्या आत घरी यायला हवं.

पेठेतला_गडी

आवो वहिनी, आधी अभिनंदन दोघांचं. आता ऐका. सकाळी सँडविचची गाडी शोधत फिरू नका, बहुतेक गाड्या दुपारनंतर लागत्यात, उगंच हेलपाटा हुईल. सकाळी वडा-ब्रेड खावा. तुम्ही म्हणशीला हे काय सँडविच हाय व्हय, पण बघा की, दोन स्लाइस, मधी भरलेलं, हातात धरून खायचं, दुसरं काय असतंय सँडविच म्हंजे? पुण्या-मुंबईत वडा गोल पावात घालत्यात, आपल्याकडं ब्रेडच्या स्लाइससंगं देत्यात, मिसळीबरबर बी त्योच. पेटी पाव म्हणायचं त्याला. ह्यो फरक बाहेरच्या माणसाला कळत न्हाई पण चवीत लई पडतो. स्लाइस कटात बुडवला की रस्सा वढून घेतोय आणि तरी हातात तुटत न्हाई, गोल पाव लगीच लगदा हुतोय. कट वडा मागवा म्हंजे कळंल.

मग गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा आणि चालत फिरा, महाद्वारात गाडी घालूच नका रविवारचं. अंबाबाईचं दर्शन घ्या, भवानी मंडपातनं चालत खासबागेकडं जावा, तिथं खाऊगल्ली हाय. शाहू महाराजांचं कुस्तीचं मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह शेजारी-शेजारी. नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टात आग लागली त्या रात्री आमच्या गल्लीतलं कोण झोपलं नव्हतं वहिनी, अजून तिकडनं जाताना पाय थांबत्यात. आसो. संध्याकाळी राजारामपुरी न्हाईतर रंकाळा, आणि शेवट गंगावेशीत दूध कट्ट्यावर, म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून देत्यात. ह्या बाबतीत तरी तुमचं डेली-बिली आपल्याम्होरं काय न्हाई, नाद खुळा.

उचगावचा_परदेशी

डेलीबद्दल लिहितो कारण मी न्यूयॉर्कला ३ वर्षं काढलीत. डेली हा शब्द डेलिकटेसन वरून आला, मूळ जर्मन, आणि तिकडची नावाजलेली डेली बरीचशी युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनी सुरू केलेली. कॅट्झ म्हणून एक आहे हाउस्टन स्ट्रीटवर, १८८८ पासूनचं. दारात शिरताना हातात एक कागदी तिकीट देतात, काउंटरवरचा कापणारा माणूस तुम्ही काय घेतलं ते त्यावर लिहितो आणि बाहेर पडताना ते दाखवून पैसे द्यायचे, तिकीट हरवलं तर भुर्दंड. सँडविच करता करता तो एक तुकडा चाखायला बशीत ठेवतो. बायको आणि मी टर्कीचं एक सँडविच घ्यायचो, राय नावाच्या धान्याचा काळसर ब्रेड, मोहरीची चटणी, बाजूला खारवलेली काकडी, आणि एकात दोघांचं पोट भरायचं.

तसं कोल्हापुरात मला तरी सापडलं नाही ताई. पण त्या काउंटरवर जे आवडायचं, म्हणजे माणूस आपल्या डोळ्यांसमोर हातानं करतोय आणि आपल्याकडे बघून करतोय, ते इथे गाडीवर मिळतं. त्यामुळे नाव शोधत बसू नका, माणूस बघून थांबा.

चटणी_हिरवीच_हवी

ताई माझ्या वडिलांची राजारामपुरीत १४ वर्षं सँडविचची गाडी होती, मी शाळेतून आलो की बटाटे सोलायला बसायचो, म्हणून चांगली गाडी कशी ओळखायची ते सांगतो. कुठलंही नाव सांगणार नाही, सगळे आपलेच आहेत.

ऑर्डर द्यायच्या आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहा. ब्रेडला आधी काय लावतोय ते बघा. आधी बटर लावायचं, अगदी कडेपर्यंत, आणि मग चटणी. बटर खाली असलं की चटणीचं आणि टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. जो आधी चटणी फासतो त्याचं सँडविच घरी जाईपर्यंत ओलं होणारच. वडील गोकुळचं बटर रात्रीच फ्रीजबाहेर काढून ठेवायचे, कडक बटरनं ब्रेड फाटतो म्हणून. दुसरं चटणी बघा, हिरवीगार असली तर कोथिंबीर आजची आणि वाटताना गार पाणी आणि लिंबू घातलंय, काळपट असली तर कालची. बटाटा उकडून पूर्ण गार झालेला हवा तरच पातळ चकत्या पडतात, गरम कापला की चुरा होतो. बीट असेल तर तेही उकडलेलं. काकडी-टोमॅटोवर मसाला प्रत्येक थराला वेगळा पडला पाहिजे, एकदम वरून भुरभुरला तर एक घास तिखट आणि एक घास सपक लागतो.

आणि टोस्टर. चिमट्याचा टोस्टर गॅसवर दोन्ही बाजूंनी उलटत राहायला लागतो, चार-पाच वेळा तरी. वडील घड्याळ बघायचे नाहीत, वासावर काढायचे. कडा चिकटून बंद झाल्या पाहिजेत आणि सुरीनं कापताना कुर्र आवाज आला पाहिजे. तो आवाज आजही कुठे ऐकला की मी मागे वळून बघतो.

पुण्याची_लेक_करवीरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, आज सोमवार, ऑफिसातून लिहितेय. सकाळी साडेनऊला कट वडा, ह्यांनी पेटी पाव चार स्लाइस संपवले आणि पेठेतला_गडी भाऊंचं म्हणणं पटलं, बुडवला तरी तुटत नाही. दर्शनाला रांग मोठी होती त्यामुळे दुपार तिथेच गेली, मग एका बेकरीतलं अंड्याचं सँडविच घेतलं, साधंच, पण ब्रेड त्याच दिवशीचा होता आणि मिरपूड ताजी कुटलेली. खासबागेत भेळच खाल्ली, राहवलं नाही.

संध्याकाळी राजारामपुरीत तीन गाड्यांपाशी आम्ही नुसते उभे राहिलो. पहिल्या दोन ठिकाणी चटणी आधी. तिसरीवर एक वयस्कर काका आणि त्यांची बायको, काकू बटर लावत होत्या, अगदी कोपऱ्यापर्यंत बोटानं पसरवत, आणि काका टोस्टर उलटत होते, दोघंही एकमेकांशी एक शब्द न बोलता, पण हिच्या हातातून सुटलेला स्लाइस बरोबर त्याच्या हातात. हे म्हणाले आपण इथेच थांबू. एकच घेतलं, ६ तुकडे केले त्यांनी, वर शेव, ५० रुपये. कुर्र आवाज आला दादा, आला. मग दुसरंही घेतलं, आता घेऊ शकतो म्हणून.

गंगावेशीत दूध प्यायला वेळ थोडा उरला होता पण गेलोच, आणि पावणेआठला घरी. सासूबाईंसाठी एक पार्सल आणलं होतं, त्यांनी ते लोखंडी तव्यावर थोडं तूप सोडून पुन्हा कडक केलं, आणि लेकानं त्यांच्या हातातून अर्धं ओढून घेतलं. आता विचारतोय, काकूंच्या गाडीवर परत कधी जायचं.