मदत हवी आहे: मध्यवर्ती बाजारपेठेतल्या मॉलचे दरवाजे कुठे काढावेत?

नमस्कार मंडळी,

नगररचनेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागातलं शॉपिंग सेंटर घेतलंय. आराखडा बराच पुढे गेलाय, पण एका प्रश्नावर आठवडाभर अडले आहे.

जागा अशी: मधोमध मोठा भूखंड, चारही बाजूंना जुन्या बाजाराचे रस्ते, तळमजल्यावर दुकानं, वर कचेऱ्या. मी नेहमीची मांडणी केली. दोन टोकांना दोन अँकर स्टोअर, म्हणजे गर्दी खेचणारी मोठी दुकानं, मधल्या वाटेवर छोटे गाळे. मोठं दुकान गिऱ्हाईक ओढून आणतं म्हणून त्याला चौरस फुटामागे भाडं कमी. त्या दोन टोकांमधल्या ये-जा करणाऱ्यांवर छोटे गाळे चालतात म्हणून त्यांचं भाडं चढं. हिशेब जुळतो. पण हे सगळं इमारतीच्या पोटात घडतं. गाडी तळघरात, लिफ्टनं वर, खरेदी, परत तळघर. बाहेरच्या रस्त्याच्या पदरात काय पडलं?

मॉलचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन याच्याबद्दल वाचल्यापासून ही शंका जास्तच बोचते. त्यानं १९५६ साली अमेरिकेत मिनियापोलिसजवळच्या एडायनात साउथडेल हे शॉपिंग सेंटर उभारलं, पूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित. ते उपनगरातलं. पुढे १९६२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या भर मध्यवस्तीत त्याचाच मिडटाउन प्लाझा हा मॉल झाला, खाली भूमिगत पार्किंगसह. २००८ मध्ये तो बंद पडला. सगळा दोष आराखड्याच्या माथी मारायचा नाही, लोक उपनगरात गेले हेही कारण होतंच. तरी रॉटरडॅमची लाइनबान (१९५३) आठवते. बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालेल्या मध्यवस्तीत बांधलेला तो उघडा, फक्त पायी चालण्याचा बाजाररस्ता आजही बाजाररस्ताच आहे.

हफचं प्रारूप लावून पाहिलं. दुकानांचं क्षेत्रफळ वाढलं की ओढ वाढते, प्रवासाचा वेळ वाढला की कमी होते. किती लोक येतील याचा अंदाज मिळतो, पण अख्खं केंद्र नकाशावर एक ठिपका होतं आणि माझा प्रश्न तर दरवाज्यांचा आहे. आराखडा कागदावर असतानाच शेजारच्या रस्त्यांना वर्दळ मिळेल की त्यांची वर्दळ शोषली जाईल, हे कसं तपासायचं? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी पार्किंगमधून वर येणारा जिना कुठे उघडतो ते पाहा. तो मॉलच्या आत उघडत असेल तर बाकी कितीही दरवाजे काढा, गाडीनं आलेला माणूस रस्त्यावर येणार नाही. जिना रस्त्याच्या कडेला काढा, म्हणजे निदान शंभर पावलं तरी तो बाजारातून चालेल.

दुसरं, आजची पादचाऱ्यांची मोजणी करा. प्रत्येक कोपऱ्यावर, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी, दुपारी आणि संध्याकाळी. लोक आत्ताच ज्या दिशेनं चालतात ती वाट इमारतीतून आरपार न्या, आणि दुकानं बंद झाल्यावरही ती उघडी राहील असं बघा. बर्मिंगहॅमच्या १९६४ च्या बुल रिंग शॉपिंग सेंटरला जायला भुयारी मार्ग होते, भोवती रिंगरोडचा वेढा. २००३ मध्ये ते नव्यानं बांधताना सेंट मार्टिन चर्चकडे उतरणारी पायवाट मोकळी केली. लिव्हरपूल वन (२००८) तर बराचसा उघड्या रस्त्यांवरच बसवलाय.

बाहेरच्या बाजूचे गाळे रस्त्याकडेच उघडू द्या. मालाचे ट्रक आणि कचरा कुठून जाणार हेही आत्ताच ठरवा. ते शेवटी ठरवलं की नेमकी एक बाजू आंधळी भिंत होते आणि तिथला रस्ता मरतो.

धागालेखिका

मनापासून आभार! जिन्याचं खरंच सुचलं नव्हतं. माझे दोन्ही जिने आतल्या चौकातच उघडतात. आज रात्री बदलते. एक विचारायचं राहिलं: दोन अँकरपैकी एक मॉलबाहेर, जुन्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, म्हणजे मधली वाट जुना रस्ताच होईल, तर छोट्या गाळ्यांचं भाडं निघेल का? ज्यांनी भाड्याचे करार जवळून पाहिलेत त्यांनी जरूर लिहा.