बाबांची प्रोस्टेट बायोप्सी : जंतुसंसर्गाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. बाबा ६९ वर्षांचे आहेत, बरीच वर्षं मधुमेह आहे. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ११.२ आला, एमआरआयमध्ये संशयास्पद गाठ दिसली, म्हणून येत्या शुक्रवारी बायोप्सी ठरली आहे. ती करायचीच आहे, त्यात दुमत नाही. धास्ती आहे ती नंतरच्या तापाची.

सहा वर्षांपूर्वी काकांची हीच तपासणी झाली. तिसऱ्या रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप आला. व्हायरल असेल म्हणून आम्ही पॅरासिटामॉल दिली आणि उजाडायची वाट पाहिली. सकाळी बीपी खूप खाली गेलं होतं. रक्तात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू सापडला, तोही सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा. बायोप्सीआधी त्यांना तीच गोळी दिली होती. अकरा दिवस आयसीयूत काढून काका वाचले, पण ती रात्र आम्ही घालवली याची बोच अजून आहे.

बाबांचीही बायोप्सी गुदद्वारातून होणार आहे. त्यात सुई आतड्याच्या भिंतीतून जाते, साधारण १२ तुकडे घेतात, आणि दर वेळी आतड्यातले जंतू आत जाऊ शकतात. दुसऱ्या पद्धतीत अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून सुई घालतात. २०२४ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत ६५८ पुरुष होते. त्वचेतून बायोप्सी केलेल्यांत अँटिबायोटिक न देताही एकालाही संसर्ग झाला नाही, गुदद्वारातून केलेल्यांत १.४ टक्के लोकांना झाला, तोही स्वॅब (गुदद्वारातून काडीने घेतलेला नमुना) तपासून त्यानुसार अँटिबायोटिक दिलेलं असताना. दुसरीत मात्र दोन्हीकडचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. त्यामुळे पद्धतीवरच अडून बसावं का, हे ठरत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. दोन महिन्यांपूर्वी लघवीच्या जळजळीसाठी बाबांनी ओफ्लॉक्सासिन घेतलं होतं, म्हणजे सिप्रोच्याच कुळातलं औषध. असं औषध नुकतंच घेतलेल्याच्या आतड्यात त्याला न जुमानणारे जंतू असण्याची शक्यता वाढते. हे डॉक्टरांना सांगायचं आमच्याकडूनच राहिलं, आणि चिठ्ठीवर सिप्रोच आहे.

कोणी बायोप्सीआधी गुदद्वाराचा स्वॅब कल्चरला (कोणते जंतू आहेत आणि कोणतं औषध चालेल हे पाहायच्या तपासणीला) दिला आहे का? रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे शुक्रवारची तारीख पुढे ढकलावी लागेल. आठवड्याभराच्या उशिराने काही बिघडतं का, हेही डॉक्टरांना विचारणार आहे. पोव्हिडोन-आयोडीन या जंतुनाशकाने गुदद्वाराची आतून स्वच्छता केल्याने धोका कमी होतो असं वाचलं. आपल्याकडे ते मागावं लागतं की करतातच? नाशिक-पुण्यात त्वचेतून बायोप्सी, तीही भूल न देता, फक्त जागा बधिर करून, कोणाची झाली असेल तर खर्च आणि अनुभव कळवा.

आणि ज्यांच्या घरी नंतर ताप आला, त्यांनी किती तासांत दवाखाना गाठला? या वेळी थंडी वाजली की थेट इस्पितळात न्यायचं, मध्यरात्र असली तरी, एवढं घरात ठरवून ठेवलं आहे.

बुधवारी संध्याकाळी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. त्याआधी लिहिलंत तर फार मदत होईल.