छोट्यांसाठी देखण्या वस्तू, हातकाम आणि भटकंती : तुमचे अनुभव लिहा

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला घरात सतरा खेळणी आली, त्यातली चौदा बॅटरीवाली. आता ती अडीच वर्षांची आहे आणि त्यातलं एकही धड नाही, कुणाचं चाक गेलं, कुणाचा आवाज बसला, एकातले सेल गळून आतून सगळं हिरवं झालं. या काळात तिने रोज वापरलं ते काय तर माझ्या आजीने शिवलेलं दुपटं आणि मामाने सावंतवाडीहून आणलेली लाकडी बैलगाडी. आणि रविवारी सकाळी पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी, मुलांची छोटी झुकझुकगाडी. ही गाडी १९५६ पासून आहे, माझे बाबा लहानपणी त्यात बसलेत, मी बसलेय, आता ही बसते आणि डबा हलला की दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरते.

तेव्हापासून डोक्यात आहे की मुलांचं म्हटलं की भडक प्लास्टिकच का घ्यायचं? हॉलमध्ये पडलं तरी नजरेला बरं वाटेल आणि पोराने आपटलं तरी टिकेल असं आपल्याकडे भरपूर बनतं, फक्त कुठे मिळतं ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. वस्तू, घरी केलेलं हातकाम, छोट्यांना घेऊन जमलेल्या सहली, काहीही लिहा. काय आवडलं तेवढंच नको, काय तुटलं, कुठे त्रास झाला तेही सांगा, मूल किती वर्षांचं ते नक्की लिहा.

कुडाळ, मुलगा पाच, मुलगी दोन

बैलगाडी वाचून बरं वाटलं, ती आमच्याकडचीच. सावंतवाडीत चितारआळीत गेलात तर दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत, मोती तलावापासून चालत जाता येतं. हलकी फळं असतात ना, आंबा, केळी, फणस, सीताफळ, ती पांगाऱ्याच्या लाकडाची. पांगारा इतका हलका की टोपली भरून फळं दोन वर्षांची पोर एकटी उचलते. आमच्याकडे त्या फळांचा बाजार मांडणं हा रोजचा खेळ आहे, आजी गिऱ्हाईक आणि नात दुकानदार, पैसे म्हणून चिंचोके. (चिंचोके आम्ही समोर बसूनच देतो, दोन वर्षांच्या मुलीकडे लक्ष ठेवावंच लागतं.)

एक सांगते, ही फळं रंगवलेली असतात आणि चावायला दिली तर रंगाचे टवके निघतात, माझ्या मोठ्याने दात येताना फणसाचे काटे चावून काढले होते. त्यामुळे सगळं तोंडात घालायचं वय संपेपर्यंत ती शोकेसमध्येच ठेवा.

आणि फिरायला आलात तर कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची) आणि बाहुल्यांची परंपरा आहे तिथे, परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय, त्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. दोरीवरच्या कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यामागे दिवा लावून नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्या, दोन्ही बघायला मिळतात. माझा मुलगा बाहुलीकडे बघत नव्हता, बाहुली नाचवणाऱ्या काकांच्या बोटांकडे बघत होता. घरी आल्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांना दोरे बांधून दिले, महिनाभर तेच चाललं होतं.

बंगळूर, मुलगी दीड

आम्ही इकडे असल्यामुळे आमचं चन्नपट्टण, लाकडी खेळण्यांचं गाव. म्हैसूरच्या रस्त्यावर, इथून साठेक किलोमीटर. दुकानातून घेऊन परत येऊ नका, आत कारागिरांकडे जाऊन बघा असं मी सगळ्यांना सांगते. लेथवर लाकूड गरगर फिरत असतं, समोर बसलेल्या मावशींनी लाखेची रंगीत कांडी त्यावर नुसती टेकवली आणि घासून घासून ती कांडी गरम होऊन रंग लाकडावर चढायला लागला, ब्रश नाही काही नाही. मग केवड्याचं पान घेतलं आणि फिरत्या लाकडावर दाबून धरलं, दोन सेकंदांत काचेसारखी चकाकी. मला वाटलं होतं वरून वॉर्निश मारत असतील. लाकूड तिथे आले मरा म्हणतात त्या झाडाचं, आपल्याकडचा काळा कुडा तो, पांढरट आणि एकदम गुळगुळीत.

माझ्या मुलीचा खुळखुळा आणि पाच कड्यांचा मनोरा तिथला आहे. मनोरा फरशीवर कमीत कमी हजारदा पडला असेल, एका कडीला बारीक पोचा आहे बस. पिवळा रंग हळदीचा असं आमच्या मावशींनी दाखवलं, पण सगळीकडेच वनस्पतींचे रंग वापरतात असं नाही, तोंडात घालणाऱ्या बाळासाठी घेत असाल तर विचारूनच घ्या. आणि ओलं करू नका. मी पहिल्याच आठवड्यात खुळखुळा उकळत्या पाण्यात टाकला बाटल्यांबरोबर आणि लाख सुटून तो चिकट झाला, दुसरा आणावा लागला.

नाशिक, जुळे, तीन वर्षं

बाबा लिहितोय. खरेदीच्या बाबतीत एकच. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी बैलगाडीवर शिक्का नसला म्हणजे ती वाईट असं नाही, पण मग तपासायचं काम आपलं. आम्ही टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी ठेवलीय, जे खेळणं किंवा त्याचा सुटा भाग त्या नळीतून खाली पडतो ते तीन वर्षं होईपर्यंत कपाटात. जुळ्यांच्या घरात हे फार उपयोगी पडलं, कारण एकाकडे बघताना दुसरा काय गिळतोय ते दिसत नाही.

डोंबिवली, मुलगा तीन

मला बोरन्हाणाबद्दल लिहायचंय, कारण माझ्या मते लहान मुलाला नटवायचा इतका सुंदर प्रसंग दुसरा नाही. मुलाचं पहिलं बोरन्हाण होतं तेव्हा तो दहा महिन्यांचा. बाजारात काळे सॅटिनचे कुर्ते मिळत होते, ते घाम येणारे आणि टोचणारे. सासूबाई म्हणाल्या थांब, आणि ट्रंकेतून त्यांच्या सासूबाईंची चंद्रकळा, काळी साडी, काढली. मधे विरली होती, पण पदराजवळचा भाग घट्ट होता. त्याचं झबलं बेतलं, आतून जुन्या मलमलच्या धोतराचं अस्तर लावलं म्हणजे काठाची जर अंगाला लागणार नाही, आणि बटणाऐवजी बंद. काळ्याभोर कापडावर खडीसारखे पांढरे ठिपके आणि त्यावर पांढरा हलवा, फोटो बघितले की अजून माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

हलवाही घरी केला. सोपं काम नाही, आधीच सांगते. परातीत तीळ घेऊन एकदम मंद आचेवर ठेवायचे, चमचा चमचा पाक घालायचा आणि बोटांनी सतत फिरवत राहायचं. घाई करून पाक जास्त घातला की गठ्ठा होतो. आमच्याकडे तीन दिवस रोज दोन तास चाललं होतं. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरट झाले, दुसऱ्या दिवशी फुगले, तिसऱ्या दिवशी पहाटे थंडी चांगली पडली होती आणि काटा आला, सासूबाईंनी मला झोपेतून उठवून दाखवला. बोटांची टोकं भाजतात त्यात, त्यांची भाजलीच होती, पण चेहरा असा की विचारू नका.

दागिने करताना विकतचे बघितले, त्यात हलवा पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवतात. दहा महिन्यांचं बाळ ते तोंडात घालणार हे नक्की, म्हणून आम्ही एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत बांधला. मुकुट, बाजूबंद, बासरी. हार केला पण गळ्यात दोन मिनिटं फोटोपुरता घातला आणि काढला. आणि डोक्यावरून ओतायला बोरं, ऊस, भुईमुगाच्या शेंगा, चॉकलेटं सगळं टाकतात, ते वेचायला पाच-सहा मुलं धावतात त्यात एक-दोन वर्षांचीही असतात. गेल्या वर्षी शेजारच्या बाळाने शेंगदाणा तोंडात टाकला आणि ठसका लागला, त्याच्या आईने पाठीवर थापट्या मारून काढला पण सगळ्यांचे पाय गळाले होते. तेव्हापासून आमच्या मजल्यावर बोरन्हाण म्हणजे चुरमुरे, लाह्या आणि झेंडूच्या पाकळ्या, बोरं आणि शेंगा मोठ्या मुलांच्या हातात वेगळ्या पिशवीतून. पाकळ्या पडताना दिसतातही फार छान.

पुणे, नातू पाच वर्षांचा

आजोबा आहे, टायपिंग हळू आहे. नातवाला शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालय दाखवायला नेतो. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, एवढ्या जणांच्या हातातून गेलेल्या रोजच्या वस्तू इतक्या देखण्या असायच्या हे मुलांनी बघावं असं मला वाटतं. दिनकर केळकरांचा मुलगा राजा सातव्या वर्षी गेला, त्याच्या नावाने हा सगळा संग्रह आहे. नातवाला हे मी सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मग राजाची खेळणी कुठली?" मला उत्तर देता आलं नाही. आता दर वेळी तो खेळण्यांपाशी उभा राहून यातलं राजाला कुठलं आवडलं असतं ते ठरवतो.

जिने अरुंद आहेत, बाबागाडी नेऊ नये. एका वेळी एक मजला बघावा आणि बाहेर पडावं.

मुंबई, मुलगी चार, मुलगा एक

भायखळ्याची राणीची बाग आणि त्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय अशी जोडी आम्ही दोनदा केली, खरं तर तीनदा, पहिल्यांदा बुधवारी गेलो आणि दोन्ही बंद, पोरगी गेटला धरून रडली. बुधवारी जाऊ नका. पेंग्विन बघायला सगळे धावतात, गर्दीही तिथेच, आम्ही ते सकाळी उघडल्या उघडल्या बघून घेतो आणि मग उन्हं चढली की संग्रहालय. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली इमारत आहे, छताकडे बघूनच मुलगी गोल गोल फिरते, आणि आतली मातीची छोटी माणसं, जहाजांची मॉडेलं बरोबर चार वर्षांच्या डोळ्यांच्या उंचीला. बाहेर दगडी हत्ती आहे तो घारापुरीचा, इंग्लंडला न्यायला उचलताना तुटला आणि मग इथे जोडून उभा केला. मुलीला जोड कुठे आहेत ते शोधायला लावलं, अर्धा तास आरामात गेला तोवर मुलगा झाडाखाली जेवला. घरी आल्यावर शाडूची छोटी माणसं केली, भाजीवाली, पोस्टमन आणि आमच्या बिल्डिंगचे वॉचमनकाका, टूथपिकच्या काठीसकट. वॉचमनकाकांनी ती त्यांच्या केबिनच्या खिडकीत ठेवलीय.

सातारा, मुलगे तीन आणि सहा

दिवाळीचा किल्ला. दोन टिप्स फक्त. मोहरी किंवा अळीव पाच-सहा दिवस आधी पेरा म्हणजे वसुबारसेला डोंगर हिरवा होतो. आणि धाकट्यासाठी बाजूला वेगळी माती आणि वेगळी बादली द्या, नाहीतर मोठ्याचा बुरूज रोज पडतो आणि रोज रडारड. या वर्षी धाकट्याने स्वतःच्या ढिगाऱ्यावर एकच मावळा ठेवला आणि तो गड आहे असं सांगत येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवत होता.

म्युनिक, मुलगी दोन

इथे बाळासाठी सगळं फिक्कट करड्या आणि बेज रंगांचं मिळतं, सुंदर असतं, पण घरात आमचं काही दिसतच नव्हतं. आईने माझ्या दोन्ही आज्यांच्या सुती साड्यांची गोधडी पाठवली. कडेपासून आत आत येणारा धावदोरा, टाके एकसारखे नाहीत, डोळे अधू झालेत तिचे, मधे दोन-तीन इंचांवर टाके एकदम मोठे होतात, तिथे बहुतेक संध्याकाळ झाली असेल. मुलीला त्या मोठ्या टाक्यांत बोट अडकवून झोपायची सवय लागलीय. पाळणाघरातल्या बाईंनी विचारलं कुठून घेतली, मी सांगितलं की ही माझ्या आज्यांच्या अंगावरची आहे, तर त्या बराच वेळ हात फिरवत राहिल्या. मशीनमध्ये थंड पाण्यात जाळीच्या पिशवीत घालून धुते, ड्रायरमध्ये कधीच नाही.

पुन्हा मी, धागा काढणारी

सगळं वाचतेय, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवतेय. नळीची परीक्षा आजच घेतली, बैलगाडीचा गाडीवान सुटा होतो आणि सरळ खाली पडला, तो आता कपाटात. कुडाळच्या ताई, डिसेंबरात येतोय आम्ही. पिंगुळीला अडीच वर्षांची मुलगी बसेल का हो? अंधाराला घाबरते ती.

कुडाळ

येवा की. कळसूत्री बाहुल्या आधी दाखवायला सांगा, त्या उजेडात असतात. चामड्याच्या बाहुल्यांना खोली काळोखी करतात, तेव्हा मांडीवर घ्या आणि पडद्यावर हरीण आलं की तिच्या कानात सांगा, माझी लेक हरणापर्यंत थांबली होती, रावण आला तेव्हा बाहेर पळाली. बाहेर आंब्याखाली कोंबडी आणि पिल्लं होती, ती बघत बसली.