दिओरच्या शोमधला सोनेरी कोट मालवणात शिवायचाय, पैसे किती सांगू?

मालवणची शिलाईवाली:
२२ वर्षं ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवतेय. परवा चाकरमानी मायलेकी आल्या. वैशाखात लग्न, रिसेप्शन घरच्या अंगणात मांडव घालून. मुलीने फोनवर फोटो दाखवला. ३० मार्च २०२३ ला दिओरने, म्हणजे पॅरिसच्या कपड्यांच्या बड्या कंपनीने, गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला होता, त्यातला लांब कोट, सोनेरी भरतकामाचा. "काकी, सेम असाच." म्हटलं, बाय, मे महिन्यात मालवणात कोट? तर म्हणते, पंखे लावणार आहोत.

रात्री अख्खा व्हिडिओ बघितला. कोट राहिला बाजूला, माझी नजर कमानीवरच. गेटवेच्या एवढ्या थोरल्या कमानीला भरतकामाचं तोरण! आपण दसऱ्याला आंब्याचे टाळे बांधतो, तसं. खाली रांगोळ्या. कपड्यांत राणी, हिरवा, पिवळा, जांभळा असे चटक रंग, साडीवरून सुचलेले स्कर्ट, आणि मद्रासी चौकडा. चौकडीची लुगडी माझ्या आजीने जन्मभर नेसली, तिला कोणी रॅम्पवर बोलावलं नाही.

असो. आरीवर्कचा, म्हणजे आकड्याच्या सुईने भरायचा, १५ दिवसांचा क्लास केलाय, हात बरा चालतो. कागदावर कोट कापून तयार आहे, उद्या कापडाला कात्री लावते. भरायला किती दिवस धरू? आणि आकडा काय सांगू?

खाटल्यावरचा, रत्नागिरी:
ताई, आधी कात्री खाली ठेवा. मुंबईत भरतकामाच्या कारखान्यात ९ वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. आधी भरतकाम, मग कापणी. टाके पडत जातात तसं कापड आखडतं. कोट आधी कापलात तर भरून झाल्यावर बाही लहान, पाठ लहान, आणि गिऱ्हाईक दारात उभं. अखंड कापड खाटल्यावर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीवर, ताणा, कोटाच्या भागांच्या रेघा त्यावरच मारा, चहूबाजूंनी दोन-दोन इंच जास्त सोडा. पातळ कापड असेल तर खाली सुती अस्तर लावूनच ताणा, नाहीतर दबका (वेटोळी जरीची तार) आणि कटदाणा (बारीक नळीचे मणी) यांच्या वजनाने ते लोंबतं.

दिवस आम्ही सांगून उपयोग नाही. वीतभर लांब, दीड इंच रुंद पट्टी भरा, शेजारी घड्याळ ठेवा. चहाला उठलात तर ती मिनिटं वजा करा. मग कोटात किती विती बसतात ते मोजा. आकडा आपोआप समोर येईल, आणि अख्खा कोट भरायचा विचारही आपोआप जाईल.

गुहागरची:
त्या शोचं भरतकाम मुंबईतल्या चाणक्य या भरतकामाच्या कंपनीच्या कारागिरांचं. मारिया ग्राझिया क्युरी तेव्हा दिओरची मुख्य डिझायनर होती आणि चाणक्यच्या करिश्मा स्वालींबरोबर तिचं काम त्याआधीपासून चालू होतं. चाणक्यची शाळासुद्धा आहे, तिथे बायकांना हे शिकवतात. खाटल्यावर बसायचं काम पूर्वी पुरुषांचंच, त्यामुळे ताई, तुमचा क्लास मला त्या कोटाहून भारी वाटला. दिओर इथे पहिल्यांदा आलं असंही नाही. १९६२ साली मार्क बोहान असताना त्यांनी मुंबईत कपडे दाखवले होते.

एक भीती मात्र आहे. आपली खारी हवा. माझ्या लग्नातल्या शालूची जर दोन पावसाळ्यांत काळवंडली, कारण मी तो प्लास्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्या टाकून ठेवला होता. दोन्ही चुका. मलमलीत गुंडाळून ठेवायचा, हे त्या मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

देवबागचो:
पंखो लावलो तरी कोट तो कोटच. वर सोलकढी सांडली तर धुवूक पॅरिसाक धाडूचो लागतलो.

मालवणची शिलाईवाली:
देवबागकर, हे मी त्या मुलीला जसंच्या तसं वाचून दाखवलं. हसली, पण कोट सोडला नाही.

कात्री लावली नाही हे बरं झालं. वीतभर पट्टी भरली, साडेपाच तास गेले. गळा आणि दोन्ही कफ मिळून ४ विती, म्हणजे २२ तास. पुढच्या दोन्ही कडा वरपासून खालपर्यंत घेतल्या तर आणखी १० विती, ५५ तास. सगळं कागदावर मांडून तिच्या आईपुढे ठेवलं. त्या आधी म्हणाल्या, "नुसत्या गळ्याचे एवढे?" मी भरलेली पट्टी त्यांच्या हातात दिली आणि उलटी करून मागचे टाके दाखवले. मग घासाघीस झाली नाही.

आता ठरलंय ते असं: बिनबाह्यांचा, चंदेरीचा कोट. कफ गेले, त्यांचे ११ तास पाठीवर आले. मुलीनेच सुचवलं, मागे गळ्याखाली आंब्याच्या पानांचं तोरण भरा. ५ पानं बसतात. सहावं पाहिजे म्हणत होती, त्याचे वेगळे सांगितलेत.