अनुभव धागा : खानदेशातल्या मुक्कामाच्या खोल्या – खाट, कूलर, ढेकूण

दिवाळीच्या आसपास जिनिंग (कापसातून सरकी काढणं) सुरू होतं, रावेर-यावलकडे केळी कापणाऱ्या टोळ्या फिरतात, भुसावळला रेल्वे, धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्ग. कामासाठी आलेला माणूस कुठेतरी पाठ टेकतोच. अशी जागा जे चालवतात किंवा दुरुस्त करतात, त्यांनी लिहा. आपबीती नको. माप, सामान आणि काय बिघडतं ते सांगा.

महामार्गावरचा ढाबेवाला
लाकडी बाज घेऊच नका. ढेकूण सांध्यांच्या फटीत नि विणीच्या गाठीत बसतो, आणि रक्त न मिळताही महिनोन् महिने तग धरतो. म्हणून खोली महिनाभर बंद ठेवून काही होत नाही. लोखंडी पाइपची खाट आणि नायलॉन पट्टीची वीण बरी. पण पाइपची उघडी तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बुजवा, नाहीतर आतच वसाहत होते. सांध्यांवर उकळतं पाणी ओता. गादी मे महिन्यात काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून पत्र्यावर टाकायची. आतपर्यंत 50 अंश पोचले तर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. जाड गादीत मात्र ते खालच्या थंड बाजूला सरकतात, म्हणून दुपारी बारा-एकला उलटी करा. रॉकेल ओतू नका. शेजारी कोणीतरी बिडी पेटवतोच.
खाटा ट्रकच्या डिझेल टाकीच्या बाजूला मांडल्या तर ड्रायव्हर निवांत झोपतो. डिझेल चोरीला जाण्याची धास्ती राहत नाही.

जिनिंगचा फिटर, जळगाव जिल्हा
पत्र्याची खोली आणि 45 अंश! पंखा नुसता गरम वारा ढवळतो. कूलर लावा, पण तो खिडकीबाहेर. बाहेरची कोरडी हवा आत ओढायची आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची. खोली बंद केली की तासाभरात चिकचिक होते आणि लोक म्हणतात, कूलर बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं.
आपल्याकडे बोअरचं पाणी जड. गवताच्या जाळ्यांवर क्षार चढतो, पाणी एकाच बाजूने वाहतं, अर्धी जाळी कोरडी राहते. दरवर्षी मार्चमध्ये जाळ्या नव्या घाला. पंपाची चाळणी आठवड्याला धुवा आणि त्याच दिवशी टाकी पूर्ण उपसून, घासून, कोरडी करा. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मोठा कूलर रात्रभरात पन्नासेक लिटर पाणी सहज पितो. टँकरवर असाल तर आधी हा हिशेब करा, मग कूलर घ्या. पावसाळा लागला की बंद, दमट हवेत त्याचा उपयोग नाही.
आणखी एक : चूल खोल्यांजवळ नको आणि कापसाच्या ढिगाच्या वाऱ्याच्या रेषेत तर नकोच.

वायरमन
भो, अर्थिंग राहिलं की! पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी माणूस. तीन पिनांचा प्लग कापून दोन वायरी सॉकेटात खोचतात, तिथेच शॉक बसतो. अर्थिंग तपासा आणि विजेची गळती पकडणारा ब्रेकर बसवा. पाणी भरताना प्लग काढलेला असू द्या.

रनिंग रूमचा (रेल्वे चालक-गार्डांच्या विश्रांतीच्या खोल्यांचा) जाणकार, भुसावळ
आमच्याकडे अडचण दिवसाच्या झोपेची. आठ तास किंवा जास्त ड्युटी झाली की बाहेरगावी आठ तास विश्रांती, आणि ती कधी भर दुपारी येते. म्हणून पडदे जाड, दाराला रबराची पट्टी. उठवणाऱ्याकडे बेड नंबर लिहिलेला असावा. नाव पुकारलं की सगळी खोली जागी होते.
प्रवाशांसाठी : स्टेशनच्या रिटायरिंग रूमला कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो. वेटिंगवर भागत नाही.

सप्तशृंगीच्या पायी दिंडीवाला
चैत्रात मुक्काम दुपारचा, चाल पहाटेची. शाळेचा व्हरांडा उत्तरेचा निवडा. फरशीवर पाणी मारून वाळू द्या, मगच सतरंजी. झोपताना पाय पिशवीवर वर ठेवा, सूज उतरते. फोड आलाच तर फोडू नका, पट्टी लावा.

ढाबेवाला (पुन्हा)
वायरमनभाऊ, चार्जिंगचंही लिहा. एका बोर्डावर एक्स्टेंशन, त्यावर दुसरं एक्स्टेंशन, आणि सगळं गादीखाली.

वायरमन
बोर्ड भिंतीवर, गादीपासून हातभर दूर. दर दोन खाटांना एक सॉकेट. एक्स्टेंशनवर एक्स्टेंशन दिसलं की दोन्ही काढून ठेवा, शिव्या मिळतील.