आईवडील वेगळे झाले तेव्हा मुलांचं काय झालं? (अनुभव धागा)

घटस्फोट म्हटलं की पोटगी, दागिने, घर कोणाच्या नावावर, यावर घरचे तासन्‌तास बोलतात. मुलांना फार तर "कोणाकडे राहायचंय?" एवढंच विचारतात. म्हणून हा धागा. त्या वेळी लहान असलेल्यांनी लिहा, पालकांनीही लिहा. चूक कोणाची, हे मात्र इथे नको.

सुरुवात मी करते. मी सातवीत होते. बाबा दुसरीकडे राहायला गेल्याचं दुःख हळूहळू ओसरलं, पण निरोप पोचवण्याचं काम वर्षानुवर्षं सुटलं नाही. "बाबांना सांग, क्लासची फी राहिलीय." "आईकडे कोण येऊन गेलं गं?" रविवारी भेट असायची, म्हणून शनिवारी रात्री हमखास पोट दुखायचं. डॉक्टरांना काहीच सापडेना. आजीला वाटायचं, मला बाबा नकोत. बाबा हवेच होते, परत आल्यावरची उलटतपासणी नको होती.

ठाण्याहून, एक आई
आमचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते, वकीलही म्हणाले, मागून बघू. आम्ही मागितली नाही. मुलगा आठ वर्षांचा होता, दोन घरांची सवय व्हायला त्याला तेवढा वेळ दिला. दोघांनी शेजारी बसून सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "माझी सायकल कुठे राहणार?" त्याच्या बाबांनी मग चालत जाता येईल एवढ्या अंतरावर घर घेतलं. तरी त्या वर्षी मार्क घसरले, रात्री दिवा चालू ठेवूनच झोपायचा. वर्गशिक्षिकेला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे अपुऱ्या गृहपाठाबद्दल त्याला कोणी वर्गात उभं केलं नाही. याचा फार उपयोग झाला.

सांगलीकडची
माझं जरा वेगळं आहे. वडील पिऊन आईला मारायचे. मी आणि भाऊ कानावर उशी दाबून पडून राहायचो. आई "मुलांकडे बघून" थांबली, कारण प्रत्येक मावशी-काकूने तिला तेच सांगितलं. मी दहावीत असताना मामा येऊन आम्हाला घेऊन गेला. त्या रात्री मी सलग झोपले. घटस्फोटाने मुलांचं नुकसान होतं म्हणणाऱ्यांनी आमचं आधीचं घर बघायला हवं होतं.

नागपूर
शाळेत काही जाणवलं नाही, लग्न ठरताना जाणवलं. स्थळं चौकशी करून गप्प व्हायची. एका घरी थेट विचारलं, "कन्यादानाला कोण बसणार?" आई एकटी बसेल, असं मी म्हणाले, तर गुरुजी काय म्हणतील ही त्यांना काळजी! शेवटी पत्रिकेवर आई आणि बाबा, दोघांची नावं आली आणि कन्यादानाला मामा-मामी बसले. बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांना तिथे पाहून मला बरं वाटलं आणि आईला त्याचं वाईट वाटलं नाही, याचं मला आजही अप्रूप आहे.

दहावीतला
आमची केस चालू आहे. पुढच्या तारखेला न्यायाधीश माझ्याशी बोलणार आहेत. आई म्हणते, खरं ते सांग. बाबाही तेच म्हणतात. पण दोघांचं खरं वेगळं आहे. काय बोलू?

धागाकर्ती
अरे, तुला निवाडा द्यायचा नाहीये. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकतं, पण निर्णय न्यायाधीशांचाच असतो. "मला दोघंही हवेत" असं म्हणालास तरी चालेल. शाळा कुठली हवी, मित्र कुठे आहेत, रात्री झोप लागते का, हेही सांग. आईबाबांपैकी कोणी पाठ करून घेतलं असेल तर तेही सांगता येतं. कोर्टातल्या विवाह समुपदेशकांना आधी भेटता येईल का, ते विचारून बघ. आणि मध्येच फार जड झालं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तारीख झाली की इथे लिही, आम्ही वाट बघतोय.