मदत हवी आहे: पूर्ण भुलेतलं सिझर, बाळ सुस्त निघालं तर?

प्रसूतिकक्षात स्टाफ नर्स आहे. उद्याच्या सिझरला आईचे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फक्त 45 हजार, मणक्यात रक्तस्रावाची भीती, म्हणून पाठीतली भूल नाही, पूर्ण भूल. 37 आठवडे, बाळाचे ठोके चांगले. ट्रेमध्ये नॅलोक्सोन (अफूवर्गीय औषधांवरचा उतारा) ठेवायला सांगितलंय. आईची कोणती औषधं बाळापर्यंत पोचतात? नॅलोक्सोन लागतं का?

पाठीतली_सुई (भूलतज्ज्ञ):
थायोपेंटोन, प्रोपोफॉल ही झोपवणारी इंजेक्शनं मिनिटभरात वार (प्लासेंटा) ओलांडतात. पण एकाच डोसातलं बरंचसं बाळाचं यकृत अडवतं, उरलेलं रक्तात विरळ होतं. स्कोलिन आणि अॅट्राक्युरियम ही स्नायू सैल करणारी औषधं जवळजवळ पोचतच नाहीत, त्यामुळे बाळ लुळं पडतं ते त्यांच्यामुळे नव्हे. सेव्होफ्लुरेन हा भुलेचा वायू मात्र पोचतो आणि वेळ जाईल तसा साठत जातो. म्हणून कॅथेटर, पोट रंगवणं, चादरी सगळं आधी उरका, सर्जन हात धुऊन उभे राहिले की मगच भूल. गर्भपिशवीला छेद दिल्यापासून बाळ बाहेर यायला 3 मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर औषधापेक्षा ऑक्सिजनची कमतरता जास्त नडते.
फेंटानिल (अफूवर्गीय वेदनाशामक) सहसा नाळ कापल्यावर देतात. बीपी फार असेल तर आईच्या श्वासनलिकेत नळी टाकण्याआधीच द्यावं लागतं. दिलं तर बालरोगतज्ज्ञांना तोंडी सांगा, नुसतं कागदावर लिहून भागत नाही.
प्लेटलेट कमी कशामुळे? मॅग्नेशियम चालू आहे का?

पहिला_श्वास (नवजात विभाग):
नॅलोक्सोन राहू द्या. जन्मताच द्यायचं ते औषध नाही. आई अफूवर्गीय औषधांच्या आहारी गेलेली असेल तर बाळाला झटके येऊ शकतात. बाळ पुसा, पाठ चोळा. श्वास नसेल किंवा ठोके 100 च्या खाली असतील तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने (तोंडावर मास्क लावून, पिशवी दाबून) श्वास द्या, मिनिटाला 40 ते 60 वेळा, सुरुवात साध्या हवेवर. छाती उचलली जातेय का ते बघा. नसेल तर मास्क नीट बसवा, मान सरळ करा. सेव्होफ्लुरेन श्वासावाटेच बाहेर पडतो, म्हणजे बॅग हाच उतारा.
छाती नीट हलत असताना 30 सेकंदांनीही ठोके 60 च्या खाली, तर भुलेला दोष देत बसू नका, छाती दाबायला घ्या. नाळेच्या धमनीतलं रक्त तपासायला पाठवा: पीएच (रक्तातल्या आम्लतेचं माप) चांगला, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला नव्हता, आणि तरी बाळ सुस्त, तर औषधाचा संशय.

धागाकर्ती:
प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला बीपी वाढण्याचा आजार) आहे, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम कालपासून चालू.

पहिला_श्वास:
मॅग्नेशियमही बाळापर्यंत पोचतं, मग सुस्ती भुलेपेक्षा जास्त टिकू शकते. सॅच्युरेशन प्रोब (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) लावून ठेवा, आणि चोखायला जोर येईपर्यंत दुधाची घाई नको.

पाठीतली_सुई:
आईलाही तेच: मॅग्नेशियममुळे अॅट्राक्युरियम लांबतं. डोस कमी ठेवा, स्नायूंची ताकद मोजल्याशिवाय नळी काढू नका.